न जोडलेला ठिपका

माझी थोरली बहीण भानुमती हिच्याबरोबर भाजी आणायला जाणं म्हणजे शिक्षा. भाजीवाल्याने मध्येच वजन बदललं, की ती सगळी भाजी पुन्हा तोलायला लावते. तिने पस्तीस वर्षं खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात सुटे भाग तपासले. माप घ्यायच्या साधनाला तिथे गेज म्हणतात. ज्या गेजने पहिला भाग मोजला त्यानेच शेवटचा मोजायचा. ते बदललं तर नवा आकडा जुन्यांना जोडायचा नाही आणि बदलणाऱ्याने वहीत सही करायची, असा तिचा शिरस्ता. एकदा फोरमन "दीदी, जाने दो ना" म्हणाला, तर तिने अख्खा लॉट दोन दिवस अडवला. लग्न केलं नाही. हिच्या मापात बसणारा मिळालाच नाही, असं मी म्हणायचो आणि धपाटा खायचो.

२०१४च्या दिवाळीआधी माझ्या सहा वर्षांच्या अंजनीला माझं मूत्रपिंड बसवलं, नागपूरला. ऑपरेशन छान झालं, पण डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून एक गोष्ट समजावली. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू बहुतेक मोठ्या माणसांच्या रक्तपेशींत निपचित पडून असतो. माझ्यात होता, अंजनीत नव्हता. मूत्रपिंडाबरोबर तोही तिच्याकडे गेला असणार. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून तिची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली. अशा मुलांमध्ये हा विषाणू माजला, तर लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून दर महिन्याला रक्तातला विषाणू मोजायचा. पोरीला मूत्रपिंड दिलं म्हणून मी छाती फुगवून हिंडत होतो, ती हवा त्या खुर्चीतच निघाली.

भानुताई नुकतीच निवृत्त झाली होती. दीक्षितपुऱ्यात आमच्या घरी आलेखाचा कागद घेऊन आली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवून मोकळी झाली. मी अंजनीला नागपूरला नेऊन आकडा आणायचा, तिने ठिपका द्यायचा आणि रेघ जोडायची. आठव्या महिन्यात दोन हजार, नवव्यात पाच, दहाव्यात अकरा. "रेघ चढतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढची तपासणी चुकवू नका. आणखी चढली तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कमी करावं लागेल."

पुढच्या महिन्यात घरी महालक्ष्म्या बसल्या. पाहुणे, पुरण, सोळा भाज्या. नागपूरची खेप कुठे जमायची? मी डोकं चालवलं आणि अंजनीचं रक्त इथेच, आमच्या शहरातल्या प्रयोगशाळेत दिलं. आकडा आला चारशे! अकरा हजारांवरून चारशे! रिपोर्ट पुढच्या खेपेला दाखवू म्हटलं आणि खोव्याची जिलेबी घेऊनच घरी आलो. सगळ्यांनी खाल्ली. भानुताईने बशी बाजूला सारली आणि चष्मा लावून रिपोर्ट वाचला.

"काहून रे दिवाकर, हे कुठून आणलं?"

"इथूनच. आकडा उतरला ना ताई, खुश हो की!"

"वर काय लिहिलं ते वाच. नागपूरवाले अख्खं रक्त मोजतात. यांनी पेशी काढून वरचं पाणी मोजलं. गेज बदललं तू, अन् पोरगी बरी झाली म्हणून जिलेबी वाटून राहिला?"

"सणाचं अशुभ नको बोलू."

"अच्छा? पंधरा दिवसांपासून झोपेत घोरून राहिली ती. आधी घोरत होती का?"

"हा कारखाना नाही ताई, माझी मुलगी आहे!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

तिने कागदावर पोकळ ठिपका काढला, रेघ जोडली नाही आणि पेन माझ्या हातात खुपसलं. मी रागारागाने सही ठोकली. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण सोडून तीच अंजनीला घेऊन नागपूरच्या गाडीत बसली.

नागपूरचा आकडा आला शेहेचाळीस हजार.

अंजनीच्या घशातल्या गाठी सुजल्या होत्या, घोरणं त्याचंच. डॉक्टरांनी त्यातला तुकडा तपासायला पाठवला. मी नागपूरला धावलो. निकाल यायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत भानुताईने मला एका शब्दाने टोचलं नाही. याचीच मला जास्त लाज वाटली. निकाल आला: पेशी वाढू लागल्या होत्या, कॅन्सर झाला नव्हता. डॉक्टरबाईंनी औषध कमी केलं. आता शरीर मूत्रपिंड नाकारेल ही धास्ती, म्हणून दर आठवड्याला रक्त, नागपूरच्या त्याच प्रयोगशाळेत. चार महिन्यांत रेघ उतरली. मूत्रपिंडही टिकलं.

डॉक्टरबाईंनी त्या कागदाचा फोटो मागून घेतला. शिकाऊ डॉक्टरांना दाखवतात म्हणे. मॅट्रिक झालेल्या माझ्या बहिणीचा कागद! हे मी कारखान्याजवळच्या रांझीपासून आमच्या दीक्षितपुऱ्यापर्यंत भेटेल त्याला सांगितलं आहे, आणि यापुढेही सांगणार.

अंजनी आता सतराची आहे. कपाटाच्या दारावर कागदांचे थर चढलेत, पण तो पहिला कागद भानुताईने झाकू दिलेला नाही. परवा केस विंचरता विंचरता अंजनीने विचारलं, "बाबा, हा एकच ठिपका पोकळ काहून? अन् बाजूला तुमची सही?"

"त्या दिवशी," मी म्हणालो, "तुझ्या आत्याने जिलेबी खाल्ली नाही."