काकूनं बंद केलेला चहा

काकांच्या फोटोला हार घालून झाला असेल, तर आता माझं ऐका.

सकाळपासून सगळे घरच्या ग्रुपवर लिहून राहिले, काका स्वातंत्र्याचे मोठे विचारवंत होते.
होते ना. दुसऱ्या देशांच्या स्वातंत्र्याचे.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, तिकडे महायुद्ध चालू होतं. आमच्या गोहलपूरच्या घरी रोज संध्याकाळी काकांची बैठक बसायची. पाटनचे वकीलसाहेब, दोन-चार मास्तर.
आई गेल्यापासून मी काका-काकूंकडेच. काकू चहा करायची, मी कप उंबऱ्यावर ठेवायची. त्यापुढे बायकांनी जायचं नाही.

काका सांगायचे, "उद्या आपलं राज्य आलं की फॉरेन पॉलिसी अशी पाहिजे. जो राजा आपल्याच लोकांना कोंडतो, त्याच्यावर फौज नाही पाठवायची. व्यवहार बंद करायचा. मग तो आपणच दार उघडतो."
वकीलसाहेब म्हणायचे, "क्या बात है."

त्याच दिवसांत काकांनी माझी शाळा बंद केली.
काहून? तर पोरगी मोठी दिसायला लागली.
काकू भांडली. काका म्हणाले, "हा घरातला मामला आहे."

दुसऱ्या दिवशी बैठक बसली, चहा आला नाही.
"ऐकलं का, चहा?"
"व्यवहार बंद आहे," काकू आतून म्हणाली. "पोरगी शाळेत जाईल, तेव्हा चहा येईल. फौज नाही पाठवली, तेवढं पहा."
वकीलसाहेब हसले. काका नाही.

मग काकांनी काय करावं? नाक्यावरच्या हॉटेलातून किटली मागवली. रोज.

अन् तोच चहा पीत समजावत होते, बंदीत सगळ्यांनी साथ दिली पाहिजे. एकानं जरी चोरून माल पुरवला, तर सगळं फुकट.
मी दाराआड उभी राहून ऐकलं.

त्या बैठकीतला एक जण जरी कप खाली ठेवून उठला असता, तर माझी शाळा वाचली असती.
कोणी उठलं नाही. साखर कमी आहे म्हणाले.

काकांचे विचार चुकीचे असते तर इतका राग आला नसता. बरोबर होते, म्हणूनच येतो.

काकूनं त्या बैठकीला परत कधी चहा दिला नाही. देश मोकळा झाला, काका म्हातारे झाले, तरी नाही.

काकांना तुमची श्रद्धांजली पोचली असेल. माझी काकूला.

काकू, शाळा नाही मिळाली. पण तू माझ्यासाठी अडून बसली होतीस, ते मी विसरले नाही.
चलो, नमस्कार करते.