टाचेखालचं भोक

मला थोरले भाऊ एकच. त्यांनी आयुष्यात गुन्हाही एकच केला, पण तो दरवर्षी केला. खंडेनवमीला ते ट्रॅक्टर धुतात, नांगर धुतात, पंप धुतात आणि त्याच जोशात अण्णांच्या गाडीचं दार उघडून पाइप थेट आत सोडतात. आत लोकरीचं कार्पेट आहे, हे त्यांना माहीत असतं. ट्रॅक्टरला जे सोसतं ते गाडीला का सोसू नये, असा त्यांचा हिशेब.

गाडी विलायती, छोटीशी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांनी ती एका डॉक्टरांकडून घेतली आणि शेंद्र्याच्या शेतातून शहरात जन्मभर चालवली. आतलं मरून कार्पेट गाडीबरोबर आलं तेच. अण्णा गेले, गाडी शेंद्र्याला भावांच्या शेडमध्ये राहिली आणि हे वार्षिक स्नान सुरू झालं. कार्पेटखालचं गोणपाट कुजलं. आत बसलं की ओल्या मेंढीला टेकून बसल्यासारखा वास. मी दरवर्षी भांडलो. दरवर्षी उत्तर एकच: पूजेला गाडी पारोशी कशी ठेवायची?

यंदा उन्हाळ्यात भाऊ एका लग्नाला गेलेले पाहून मी गाडी शहरात पळवून आणली. सीटचे बोल्ट सोडले, कार्पेट सोलून काढलं. ॲक्सिलरेटरजवळ, चालवणाऱ्याची टाच टेकते तिथं, पुरीएवढं भोक होतं. ते घेऊन तीन कुशनवाल्यांकडे गेलो. तिघांचा सल्ला एकच: हे फेका, प्लास्टिकचं टाकतो, पाइप मारला की साफ. पाइप हा शब्द ऐकल्यावर तिसऱ्याच्या दुकानातून मी चहा अर्धा टाकून उठलो.

शेवटी औरंगपुऱ्यामागच्या एका गल्लीत रफूवाले चाचा सापडले. शाली आणि शेरवान्या रफू करणारा माणूस. त्यांनी कार्पेट मांडीवर घेतलं, भोकात दोन बोटं घालून पाहिली आणि म्हणाले, "जहां किसीका पांव नहीं पडा, वहां का ऊन होना मेरेको."

म्हणजे मागच्या सीटखालची लोकर. तिथून मी वीतभर तुकडा कापून दिला, त्यांनी तो उसवला. पण ती लोकर कशी, कालच लग्न झाल्यासारखी गडद. बाकीचं कार्पेट विटलेलं. मग चाचांच्या हुकमावरून ती लोकर पंधरा दिवस माझ्या गच्चीवर उन्हात पडली आणि मी रोज सकाळी ती उलटत राहिलो. बायको शेजारणींना सांगायची की यंदा आमच्याकडे कुरडया यांनीच घातल्यात, फक्त तळता येणार नाहीत. पंधरा दिवसांनी रंग जुळला. चाचांनी एकेक धागा असा ओवला, की भोक कुठं होतं ते नाक टेकवून पाहिलं तरी कळेना.

खंडेनवमीला गाडी शेंद्र्याला न्यावीच लागली, कारण पूजा तिथंच. भाऊ पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, पाइप हातात घेऊन उभेच होते. मी काचा वर केल्या, दारं आतून लावली आणि बसून राहिलो. बाहेरून हवी तेवढी धुवा म्हणालो. त्यांनी अर्धा तास धुतली, त्यातला बराचसा वेळ माझ्या तोंडासमोरच्या काचेवर. शेजारपाजारचे बघायला जमले. मी आत नवाबासारखा.

मग त्यांनी नळ बंद केला, पाइप खाली टाकून दाखवला आणि काचेवर टकटक केली. मी खाली उतरलो आणि पडदा उघडावा तसं दार सताड उघडलं. भाऊ वाकले. पॅडलपाशी बघत राहिले.

"भोक कुठं गेलं?"

"रफू केलं. ओळखू येतंय का बघा."

"तिथं अण्णाची टाच व्हती."

मग मात्र मी सुटलो. अण्णांची टाच आत्ता आठवली का? दरवर्षी त्या टाचेवर पाण्याचा फवारा कोण मारत होतं? गोणपाट कुणी कुजवलं? मी पंधरा दिवस उन्हात लोकर उलटत होतो तेव्हा तुम्ही कुठं होता? सगळी आळी ऐकत होती आणि मी आळीला ऐकू जाईल असंच बोलत होतो.

भावांनी आवाज चढवला नाही. "पाण्यानं भोक बुजलं नव्हतं," एवढंच म्हणाले.

त्यानं माझा राग दुप्पट झाला. त्यांचा आला, चाचांच्या हातातल्या कसबाचा आला, त्या उन्हाचासुद्धा आला.

भावांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. माणसं पांगली. मग ते परत आले, दारापाशी उकिडवे बसले आणि ओला हात पायजम्याला पुसून, कार्पेटवर तळवा फिरवत ती जागा शोधू लागले. ॲक्सिलरेटरच्या खाली, जरा मागं, पुन्हा पुढं.

ती जागा मला नेमकी माहीत होती. त्यांच्या हातापासून दोन बोटं डावीकडे. मी सांगितली नाही.