फ्लेक्सच्या कोपऱ्यातली लेक

आमच्या शेजारचे फ्लेक्सवाले भावजी कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच: फ्लेक्सवर रिकामी जागा दिसली की त्यांचा जीव कासावीस होतो. कोपरा मोकळा राहिला की कबूतर नाहीतर गुलाब चिकटवलाच. माझ्या सासऱ्यांच्या श्रद्धांजलीला त्यांनी धबधबा लावला होता.

त्यांची लेक जहाल. गावाबाहेरचा तलाव बुजवायला डंपर आले, तेव्हा ती आणि तिचे मित्र पाट्या घेऊन भर उन्हात काठावर बसले. निवडणूक लागल्यावर त्यांनी जाहीर केलं, जो सभेत तलाव वाचवायचा शब्द देईल, मत त्यालाच. पहिल्यांदा मत देणारी पोरं वॉर्डात ढिगाने. झालं, सगळ्या उमेदवारांना पालवी फुटली. डंपर ज्यांचे, त्या दादांनी तर हिरवा सदराच शिवून घेतला. शिसारी येते हो बघून.

दादांचा फ्लेक्स भावजींकडेच. ‘हरित भविष्य, दादांसोबत’ हे प्लास्टिकवर छापलेलं आणि जिवंत झाडाला खिळे ठोकून टांगलेलं. छापण्याआधी दादांच्या फोटोशेजारी हातभर जागा मोकळी राहत होती. कॉम्प्युटरवर लेकीचा तलावाकाठचा फोटो होता. भावजींनी लावून टाकला.

सकाळी चौकात लेक दादांच्या खांद्याशी हसत उभी. “विकली गेली,” म्हणत मित्रांनी तिला ग्रुपमधून काढलं.

“बाबा, मला विचारायचं तरी.”

“अगं, जागा ओकीबोकी दिसत होती.”

“कबुतरं संपली होती का भावजी?” मी म्हटलं. कुणी हसलं नाही. पोर जेवलीही नाही.

दुपारी भावजी शिडी घेऊन चौकात गेले, सोबत लेक आणि मी. लेकीच्या मित्रांनाही त्यांनी बोलावून घेतलं. वर चढून खिळे उपटायला लागले, तोच दादा हजर. शिडीला हात लावून कार्यकर्त्यांना म्हणाले, “घ्या रे व्हिडिओ. झाडासाठी दादांनी स्वतःचा फ्लेक्स उतरवला.”

इतकं निर्लज्ज तोंड मी जन्मात पाहिलं नव्हतं.

भावजी वरूनच बोलले, “व्हिडिओत हेही घ्या. फोटो मी लावला, पोरीला न विचारता. तिचा यांना पाठिंबा नाही. आणि तलावावरच्या डंपरवर यांचं नाव आहे. ते स्टिकर मीच छापलेत.”

दादांनी शिडीवरचा हात काढून घेतला. शिडी डुलली. मी धावले, पण लेक आधी पोचली आणि तिच्या मागोमाग तिला काढून टाकणारे दोघे.

“बाबा, सावकाश,” ती म्हणाली.

दादा गाडीत बसून रुमालाने हात पुसत होते, जशी काही घाण शिडीलाच होती.