बत्तीसशे म्हणजे किती

निपाणी स्टँडवर बस शिरली ती पंक्चर होऊनच. मी घड्याळ पाहिलं. बेळगावच्या वडगावात आप्पा दुपारी हातमागावरची शेवटची साडी उतरवणार होते (विणून झालेली साडी मागावरून कापून काढणार होते). मग मागाचा खड्डा, ज्यात पाय सोडून विणायला बसतात तो, कायमचा बुजवायचा. आप्पा म्हणजे माझी मैत्रीण वनिता हिचे वडील. ती परदेशात, येऊ शकत नव्हती. तिने एकच मागितलं होतं, कात्री चालवतानाचा फोटो.

"अर्धा तास लागंल बघा," कंडक्टर म्हणाला.

चिडून उपयोग नव्हता. आप्पांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून फ्लॅश बंद. मागाच्या खोलीला खिडकी नाही. माझ्याकडे खिशात मावणारा नवा कॅमेरा. त्याचा आयएसओ, म्हणजे कमी उजेडात भागवून घेण्याची ताकद, बराच वर चढतो असं खोक्यावर छापलं होतं. छापलेल्यावर मी भरवसा ठेवत नाही.

चहाच्या टपरीमागे तंबाखूची वखार होती, आत अंधूक. दाराशी सोबत आणलेला करडा पुठ्ठा टेकवला, जुन्या मीटरने उजेड मोजला आणि मीटर सांगेल तेच आकडे कॅमेऱ्याला हाताने लावले. आयएसओ खरा असेल तर फोटोतही पुठ्ठा तितकाच करडा यायला हवा.

"मॅडम, पुठ्ठ्याचा फोटो काढायला एवढ्या लांबनं आलाय व्हय?" टपरीवाल्याने विचारलं.

"पुठ्ठा खोटं बोलत नाही."

"मग पंचायतीला हुभा करा की त्याला!"

सोळाशेपर्यंत पुठ्ठा बरोबर आला. बत्तीसशेला काळपट. पुन्हा काढला, पुन्हा काळपट. नावाला बत्तीसशे, खरे दोन हजारांच्या आसपास. त्यापुढच्या चौसष्टशेला तर फोटोभर रांगोळी सांडल्यासारखे दाणे. कॅमेरा आपोआप चालू दिला की ही लबाडी कळत नाही. तो गुपचूप शटर जास्त वेळ उघडं ठेवतो; फोटो उजळ येतो आणि हलणारी वस्तू पुसली जाते.

संकेश्वर, मग उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडत बेळगाव. रिक्षाने वडगाव. गल्लीत घरोघरी यंत्रमागांचा खडखडाट, फक्त आप्पांचं घर गप्प.

"आलीस व्हय गं? हे कवाधरनं कात्री घिऊन बसल्यात," वनिताची आई, आक्का, म्हणाली आणि भडंग (तिखट मसाल्याचे कुरमुरे) माझ्या ओंजळीत ओतलं.

खोलीत ट्यूब होती. मोजलं, भागण्यासारखं होतं. तेवढ्यात आक्काने समई लावली आणि ट्यूब बंद केली.

"आक्का, दिवा?"

"आमच्यात साडी समईच्याच उजेडात उतरवत्यात. ट्यूब मागनं."

हे वनिता सांगायला विसरली होती. मीटरचा काटा पार खाली बसला.

"आप्पा, कात्री लावून जरा थांबाल?"

"न्हाय गं. एकदा लावली की पल्याडच्या काठालाच थांबायची. मधी थांबलं की अपशकुन."

मीटर बत्तीसशेच्या हिशोबाने सेकंदाचा तिसावा भाग सांगत होतं. ते मानलं तर आप्पांचा चेहरा काळोखात जाणार. मी दोन हजार धरले: विसावा भाग. चेहरा येईल, हात पुसट होईल. आप्पांनी कात्री कपाळाला लावली. मी कोपर मागाच्या लाकडावर रोवलं आणि श्वास धरला. करकर, करकर, काठापर्यंत. मी बटण दाबत राहिले.

ट्यूब लागली. आप्पांनी कॅमेरा नाकाजवळ धरला.

"हात हाललाय."

"हो."

"हालणारच. आता न्हाय हालायचा."

"का? उद्या खड्डा कोण बुजवायचा?" आक्का म्हणाली. आप्पा हसले, मग डोळा पुसायला उठले. औषधाची वेळ झाली होती म्हणे.

परतीच्या बसमध्ये फोटो फोनवर घेऊन वनिताला पाठवला. कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटपट्टी लावून लिहिलं: बत्तीसशे म्हणजे दोन हजार. यंत्र कमी देतं याचं वाईट वाटत नाही. किती कमी देतं ते आधी कळायला हवं.

निपाणीला टपरीवाल्याने खिडकीतून चहा दिला. "पुठ्ठा आला का निवडून?"

"थोडक्या मतांनी."

बस हलली तेव्हा वनिताचं उत्तर आलं. एवढंच: "आप्पांचा हात अजून चालूच आहे."