कुंपणावरचं लाल फडकं

आमच्या ह्यांना माणसांपेक्षा मधमाश्या प्याऱ्या. मला ताप आला तर “गोळी घे” एवढंच म्हणतील. माश्यांना मात्र सावली, साखरपाणी, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पेट्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या! बावीस पेट्या. त्यांच्यावरच आमचं घर चालतं.

कुंपणापलीकडे धाकट्या दिरांची बाग. भावाभावांत तीन वर्षं अबोला. पण बागेत औषध फवारायचं असलं, की दीर आदल्या दिवशी कुंपणाला लाल फडकं बांधायचे. ते दिसलं, की हे उजाडायच्या आत पेट्यांची दारं लावायचे, वर ओली पोती टाकायचे. बोलायला नको की बघायला नको.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता पलीकडे पंप धडधडला. माश्या केव्हाच फुलांवर गेलेल्या.

“फडकं नाही, काही नाही! सख्खा भाऊ वैरी निघाला!” हे ओरडत पेट्यांकडे धावले.

मला एकदम आठवलं. काल पेट्या उघडताना धूर करायला चिंधी सापडेना, म्हणून कुंपणाखाली चिखलात पडलेलं एक फडकं मी उचललं होतं. धुराचा डबा उघडला. तळाशी जळका कोपरा होता, लाल.

मी अनवाणीच धावत सुटले. “भावजी, थांबवा! फडकं मी जाळलं! ह्यांना कळलंच नाही!”

पंप बंद झाला. मागे हे उभे होते, हातात ओलं पोतं. सगळं ऐकलं होतं. म्हटलं, आता माझी काही खैर नाही.

“किती ओळी फवारून झाल्या?” ह्यांनी भावाला विचारलं.

“दोन, दादा.”

तीन वर्षांत एवढंच बोलले.

संध्याकाळी आम्ही तिघं पेट्यांसमोर बसलो. परतलेल्या माश्या दारातच गरगरून पडत होत्या. कुंपणाजवळच्या दोन पेट्यांपुढे तर सडाच पडला होता. मला रडू आवरेना. ह्यांनी चार शिव्या तरी द्याव्यात, तर तेही नाही.

“उरलेलं उद्या फवारतो,” दीर म्हणाले.

“असं घरी येऊन सांगायचं होतंस.” हे म्हणाले. “ फडकं कसलं बांधतोस?”

“आधी आलोच होतो की. तू दार लावून घेतलंस, दादा.”

 हे उठले, वीस पेट्यांची दारं लावली. कुंपणाजवळच्या दोन मात्र पार अंधार पडेपर्यंत उघड्या ठेवल्या, कुणी मागं राहिलं असेल म्हणून. दीरही तिथंच बसून राहिले.