शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत

मामाकडे बाराशे तबकड्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक गाण्यांची भाषाच त्याला कळत नव्हती. भंगारवाले, बोटीवरून उतरलेले खलाशी, घर आवरून मुलाकडे राहायला निघालेली म्हातारी माणसं, जिथे म्हणून जुनी तबकडी निघायची शक्यता तिथे मामा हजर. एखाद्या नामांकित गवयाची तबकडी कुणी फुकट देऊ केली तर नाक मुरडायचा. “ती काय, सगळ्यांकडे असते,” म्हणायचा. त्याला हवं असायचं ते जाळं ओढणाऱ्या माणसांचं गाणं, चार न्हाव्यांनी मिळून म्हटलेलं दाढीचं गाणं, किंवा दंतमंजनाची जाहिरात, आणि तीही इतक्या रडक्या आवाजात की ऐकणाऱ्याचा दात दुखायला लागावा. “एक ना धड, भाराभर चिंध्या,” असं त्याची बहीण म्हणायची. ती गेल्यावर तिची मुलगी म्हणायला लागली.

ही मुलगी म्हणजे भाची. मामा-भाची दोन खोल्यांत राहत, एका खोलीत तबकड्या आणि दुसरीत माणसं. दोघंही शर्टांच्या एकाच कारखान्यात कामाला होती. ती दुसऱ्या मजल्यावर काज-बटणाच्या मशीनवर, तो तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला, स्टोअरमध्ये दोरे आणि बटणं देण्याच्या कामावर. ती मामा म्हणते म्हणून सगळा कारखाना त्याला मामा म्हणायचा, आणि तो भाची म्हणतो म्हणून मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे तिला भाची. तिचं खरं नाव हजेरीपटात होतं, ते तिथेच राहिलं.

स्टोअरला लागून माईकची खोली होती, कपाटापेक्षा जरा मोठी. कुणाला बोलवायचं असेल तर मामा तिथून पुकारायचा आणि मजल्यामजल्यावरच्या कर्ण्यांतून आवाज यायचा. जेवणाच्या सुट्टीत तो घरून आणलेली एक तबकडी लावायचा. आधी दोन वाक्यं बोलायचा आणि दोन्ही शुद्ध थापा असायच्या. “या गाण्यात जावई विचारतोय, की सासूबाई, तुमची परतीची गाडी नक्की कितीची?” सगळा मजला डब्यावर वाकून हसायचा. इस्त्रीवाल्या मावशीला तर जाळं ओढणाऱ्यांच्या गाण्याचं इतकं वेड लागलं, की ती त्याच ठेक्यावर कॉलर दाबायची. कुणी मागितलं की मामा पदरच्या कॅसेटवर गाणं उतरवून द्यायचा. “गाणं दिल्याने कमी होत नाही,” हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

एका तबकडीपुरतं मात्र ते खोटं होतं. तो दहा वर्षांचा आणि बहीण बारा वर्षांची असताना दोघांना ती एका रिकाम्या होणाऱ्या घरासमोरच्या ढिगात सापडली होती. मधला कागद धुऊन गेलेला, नाव ना गाव. एका बाईचा आवाज, न कळणारी भाषा, तीन कडवी. आणि तिसरं कडवं संपल्यावर, सुई आता उचलावी असं वाटेस्तोवर, ती बाई हळूच कुणाला तरी काहीतरी विचारते. गाण्यातलं नव्हे ते, साधं बोलणं. बहीण-भावांनी लहानपणीच ठरवून टाकलं होतं, ती विचारते, “संपलं का?” या तबकडीबद्दल मामाने कधी थाप मारली नाही आणि तिची कॅसेट कुणाला दिली नाही. भाचीला ते गाणं पाठ होतं, कारण तिची आई कपडे धुताना ते गुणगुणायची, शेवटच्या प्रश्नासकट.

मग तो भोंग्याचा प्रकार झाला. एकदा वायर जळून धूर निघाला, कुणीतरी भोंगा वाजवला आणि सगळा कारखाना एकदम जिन्याकडे धावला. आग लागलीच नव्हती, पण जिन्यात अकरा जण तुडवले गेले आणि पॅकिंगमधली एक मुलगी त्यानंतर कधी उभी राहिली नाही. तेव्हा वरच्या कचेरीतून सुरक्षा अधिकारी आले. माणूस हुशार होता, त्याबद्दल वाद नाही.

“भोंगा वाजला की माणसं पळतात,” ते म्हणाले. “गाणं लागलं की चालतात. मला असं गाणं द्या जे दुसरीकडे कुठेच लागणार नाही. रेडिओवर नाही, लग्नात नाही.”

मॅनेजरने मामाकडे बोट दाखवलं. कुणाकडेच नसलेलं गाणं मागायला आजवर त्याच्याकडे कुणी आलं नव्हतं. मामाची छाती फुगली, आणि फुगलेल्या छातीने माणूस जे करतो ते त्याने केलं. सगळ्यांत जिवाची वस्तू काढून दिली.

“आईचं गाणं आगीला दिलंस?” भाची घरी त्याच्यावर कडाडली.

“आगीला कशाला, माणसांना दिलं. वर्षानुवर्षं कपाटात पडून होतं, आता चारशे जण ऐकतील.”

अधिकाऱ्यांनी त्याची टेप मागितली. मामा अडून बसला. टेप एकदा निघाली की तिच्या दहा होतात आणि मग चहाच्या टपरीवरही तेच वाजायला लागतं. तबकडी मी हाताने लावीन, म्हणाला. अधिकाऱ्यांना परतीची गाडी गाठायची होती. त्यांनी मान हलवली आणि माईकच्या खोलीत एक कागद चिकटवून गेले. त्यावर तीन ओळी होत्या. गाणे लागताच काम सोडून पुढच्या जिन्याने अंगणात जावे. गाणे थांबल्यावर परत यावे. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत गाणे चालू ठेवावे.

दर महिन्याला सराव व्हायला लागला. गाणं लागायचं, मशीन थांबायच्या, बायका पदर-ओढण्या सावरत रांगेने उतरायच्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत कारखाना रिकामा व्हायचा, वॉचमन बेल दाबायचा, मामा सुई उचलायचा, की सगळे परत वर. जितके नग तितके पैसे असल्याने परत जायची घाई जास्त. पण गाण्याने मावशीला आणि तिच्या इस्त्रीवाल्यांना पार वेडं केलं. सुरुवातीच्या बोलांवरून त्यांनी त्याला ‘लोरा’ नाव ठेवलं आणि मोडक्यातोडक्या शब्दांत दोन कडवी म्हणायला लागल्या.

“मामा, पुढे काय आहे हो? एकदा पूर्ण ऐकवा की,” मावशी विचारायची.

“तो दिवस न येवो,” मामा हसून म्हणायचा. हे बोलताना त्याला किती मजा यायची ते भाचीला दिसायचं, पण ती तेवढी हसायची नाही.

कारण हिशेब फक्त तिलाच कळला होता. एका संध्याकाळी तबकडी पुसत बसलेल्या मामाला तिने विचारलं, “हे गाणं तीन मिनिटं दहा सेकंदांचं आहे. खरंच आग लागली आणि गाणं संपलं तर?”

“परत लावीन.”

“म्हणजे तू वर बसणार. थांबलास तर सगळे परत जिना चढणार. आणि तुला कोण सांगणार, की आता पुरे?”

“वॉचमनची बेल आहे.”

“बेल विजेवर आहे, मामा. तुझा तबकड्यांचा बाजा आणि कर्णे बॅटरीवर आहेत. वीज गेली तर तू ऐकवशील, पण तुला कोण ऐकवणार? आणि त्या खोलीला अंगणाकडे खिडकीही नाही.” तिने पुढे विचारलं, “तो कागदावरचा शेवटचा माणूस कोण रे?”

मामाने तबकडी उजेडात धरून पाहिली. “तुझ्या आईसारखीच आहेस. जेवायच्या आधी खरकट्याची काळजी.”

“टेप करून दे. ती आपोआप उलटणारी मशीन मिळते, लावून तूही खाली ये.”

“बघू.”

त्याचं ‘बघू’ म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिने आठवडाभर अबोला धरला, मावशीला मध्ये घातलं, आईची आठवण काढली. “सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही तुझा,” ती एकदा बोलून गेली, आणि बोलल्यावर तिलाच ते कसंतरी वाटलं. दोन दिवसांनी दोरा आणायला स्टोअरमध्ये गेली तेव्हा तिथे जळक्या कापडाचा वास येत होता. खाली मागच्या बाजूला कात्रणांचं गोदाम होतं, छतापर्यंत भरलेलं.

“काही नाही, ॲम्प्लिफायर तापतो,” मामा म्हणाला. पण तिचा चेहरा पाहून तो जरा नरमला. “बरं बाई. येत्या रविवारी टेप करतो. झालं समाधान?”

ती त्या दिवशी घरी येऊन चार दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवली. तो दिवस सोमवार होता.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास दिवे गेले आणि लगेच लोरा लागलं. सराव गेल्याच आठवड्यात झाला होता. भाचीने मशीनवरून हात काढला आणि तिला कळलं. बाकीच्यांना नाही कळलं. ते नेहमीसारखे बडबडत उतरले, कुणी चहाची चेष्टा करत, कुणी सुपरवायझरच्या नावाने बोटं मोडत. दुसऱ्या कडव्याला सगळे अंगणात होते. वॉचमनने बेल दाबली. बेल वाजली नाही. गाणं तिसऱ्या कडव्यात शिरलं.

चारशे माणसं गप्प झाली. मावशीने तोंडावर हात ठेवला. “असं आहे होय पुढे,” ती पुटपुटली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगणातल्या दोन कर्ण्यांतून ती अनोळखी बाई शेवटपर्यंत गायली, मग तिने हळूच तिचा प्रश्न विचारला, आणि सगळं शांत झालं.

“चला, वर चला,” सुपरवायझर म्हणाला. पहिली रांग वळली. भाची सेकंद मोजत होती. आठव्याला कर्ण्यात खर्र आवाज झाला आणि लोरा पुन्हा सुरू झालं. रांग थबकली.

“मामा वर आहे,” ती सुपरवायझरपाशी धावत गेली. “तो हाताने लावतोय. खरी आग आहे.”

“टेप असेल गं, अडकली असेल.”

“टेप नाहीये,” ती म्हणाली. “त्याने दिलीच नाही.”

तेवढ्यात मागच्या छपरावर धूर दिसला. काळा नव्हता, पिवळट होता, आणि सावकाश वर येत होता. वॉचमन फोन करायला पळाला. भाची मागच्या जिन्याकडे धावली. पहिल्या वळणापर्यंत गेली तोच धुराने तिला खाली ढकललं. दुसऱ्यांदा निघाली तेव्हा मावशीने आणि आणखी एकीने तिला कमरेला धरून बसवलं. तिने हाका मारल्या. पण त्या खोलीत मामाच्या कानापाशी कर्णा वाजत होता, आणि खिडकी नव्हती, आणि कागदावर तीन ओळी होत्या. अंगणात सगळे सुखरूप उभे आहेत हे त्या एकट्यालाच ठाऊक नव्हतं.

लोरा चार वेळा संपलं आणि चार वेळा पुन्हा लागलं. दर वेळी मधली शांतता वाढत गेली. आठ सेकंद, मग बारा, मग सोळा, मग वीस. दर वेळी बाईने “संपलं का?” विचारलं की भाचीचा जीव टांगणीला लागायचा, आणि सुई खर्र वाजली की तिला हायसं वाटायचं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची चीड यायची. तिला त्याचा राग आला होता. एका टेपसाठी. आईला लावला त्याहून जास्त जीव त्याने त्या काळ्या थाळीला लावला, असं तिला वाटत होतं, आणि ते खरं नाही हेही तिला माहीत होतं.

पाचव्या वेळी गाणं दुसऱ्या कडव्याच्या मध्येच थांबलं. प्रश्न आलाच नाही.

भाचीने मोजायला सुरुवात केली. वीस झाले, तीस झाले. मागे कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला.

“थांबलं गाणं,” एक बाई म्हणाली. “विझली वाटतं.”

वर्षभर सगळ्यांचे पाय तेच शिकले होते. पुढच्या बाजूला धूर अजून दिसत नव्हता, जिन्याचं दार उघडं होतं. वर प्रत्येकाची पिशवी होती, डबा होता, अर्धवट शर्ट होता. “तयार माल तरी खाली काढू,” सुपरवायझर म्हणाला आणि पायरीकडे निघाला. त्याच्यामागून पन्नास-साठ जण हलले.

भाची उठून उभी राहिली. ओरडून उपयोग नव्हता, मघापासून ती ओरडतच होती. तिने डोळे मिटले आणि जिथे थांबलं होतं त्याच शब्दापासून गायला सुरुवात केली. आवाज काही खास नव्हता, त्यात रडून घसा बसलेला. पण शब्द बरोबर होते. पायरीवरचे लोक वळून पाहायला लागले. मावशीने एकदा तिच्याकडे, एकदा वरच्या कर्ण्याकडे पाहिलं आणि तिच्या आवाजात आवाज मिसळला. मग इस्त्रीवाल्या सगळ्या, मग काज-बटणवाल्या. सुपरवायझरने पायरीवरचा पाय मागे घेतला. दुसऱ्याच मिनिटाला पहिल्या मजल्याच्या खिडक्या फुटल्या आणि जिन्याच्या दारातून धूर बाहेर आला.

तिसरं कडवं फक्त भाचीला येत होतं. ते तिने एकटीने म्हटलं, आणि शेवटी बाई जिथे विचारते तिथे ती आली. तो प्रश्न तिने तोंडातून काढला नाही. पुन्हा पहिल्या ओळीपासून लोरा सुरू केलं आणि बायका मागे आल्या.

बंब आले. शिड्या लागल्या. कुणीतरी तिला पाणी देऊ केलं, ते तिने नाकारलं. तासाभराने मागच्या शिडीवरून चार जणांनी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी सांभाळून खाली उतरवलं. त्यांच्यातला मोठा माणूस काळ्या चेहऱ्याने अंगण ओलांडून मॅनेजरपाशी आला.

“शेवटचा माणूस बाहेर काढलाय,” तो म्हणाला.

तेव्हा कुठे भाचीने गाणं थांबवलं.