धुरावर जपलेली बुरशी

बुरशीवर पीएचडी करते म्हटलं की गावातले लोक हसायचे. "बुरशी शिकायला मुंबईला गेली? आमच्या लोणच्यात हाय की!" पहिल्या वर्षी मीही हसायचे. सहाव्या वर्षी कुणी हसलं की वाटायचं, घ्या बाबांनो, तुम्हीच करा आता.

माझी बुरशी आमच्याच बांधावरच्या कुजक्या ऐनाच्या ओंडक्यातली. लाकूड पचवायला ती एक एन्झाइम सोडते. त्या एन्झाइममध्ये मी चार ठिकाणी बदल केले आणि त्याच्याकडून एक नवं संयुग बनवून घेतलं. लिहायला दोन ओळी लागल्या, पण त्यात पाच वर्षं गेली आणि चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. शेवटी परीक्षकांनी एकच विचारलं: मूळ बुरशी हे संयुग स्वतःच बनवत नाही कशावरून? बनवत असेल तर तुम्ही नवीन काय केलंत? प्रश्न बरोबर होता, म्हणून तर जास्त चीड आली. उत्तर द्यायला मूळ बुरशी जिवंत हवी होती, आणि दिवाळीच्या सुट्टीत फ्रीजर बंद पडून तिच्या सगळ्या नळ्या खलास झाल्या होत्या.

उरला होता तो ओंडका. आसनगावला उतरले, शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. सापगावचा पूल मागे पडला तसं जरा बरं वाटलं. घरी पिशवी टाकून तशीच बांधावर गेले. ओंडका जागेवर नव्हता. पेरणीआधी वाफा भाजायला राब रचतात, त्यात गेला की काय?

बाबा मागून हसत आले. "घाबरलीस? राबात टाकीन काय तुजं लाकूड? चल घरी."

चुलीच्या वर, माळ्यावर, जिथे भोपळ्याचं बी आणि नांगराचं जू धुरावर ठेवतात, तिथे माझा ओंडका सुंभाने बांधून ठेवलेला होता. वाळवी लागू नये, कुजू नये म्हणून. दोन पावसाळे तो तिथेच होता. मी येऊन-जाऊन असायचे, पण वर कधी बघितलंच नाही.

"वाकून वाकून त्यातलं नेयाचीस ना," बाबा म्हणाले, "तेवाच वलखलं, हे कामाचं हाय."

काळं, कडक, खणखणीत लाकूड झालं होतं. नखाने खरवडलं तर नुसता धुराचा वास. आमच्याकडे मोलाची वस्तू धुरावरच जपतात, बाबांचं त्यात काय चुकलं? मला त्याचं कुजणंच हवं होतं आणि त्यांनी नेमकं तेच थांबवलं होतं. "बरं केलंत," मी म्हणाले आणि अर्धा ओंडका कापून घेतला.

प्रयोगशाळेत ओंडक्याचे कण टाकून बुरशी वाढवायच्या वीस काचेच्या बश्या लावल्या. रोज सकाळी आधी त्याच बघायचे. तीन बश्यांत हिरवी बुरशी आली, शिळ्या भाकरीवर येते तीच. बाकीच्या कोऱ्या. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "प्रबंधातलं ते प्रकरण वगळ, नाहीतर नवीन बुरशी शोध." म्हणजे हातात होतं ते सगळं गेलं. रडावंसं वाटलं, पण रडायचाही कंटाळा आला होता.

पुढच्या खेपेला बाबांनी ओटीवरच विचारलं, "उगवलं काय गो?"

"मेलं होतं ते. धुरानं मेलं. ओलं राहायला पायजे होतं, कुजायला पायजे होतं!" माझा आवाज चढला. आत आईचं भाकरी थापणं थांबलं.

बाबा माळ्याकडे बघत म्हणाले, "वलं ठेवायचं व्हतं, येवढंच ना? मंग सांगायचंस गो. मी रोज पानी मारलं असतं."

ही बुरशी ओल्या, कुजत्या लाकडातच जगते, हेच मी दरवर्षी समितीपुढे पडद्यावर चित्रं लावून सांगत होते. घरी बाबांनी काय करतेस म्हणून विचारलं की मी म्हणायचे, "तुमाला नाय कळायचं."